न वाजलेली शिट्टी

त्या काळी स्पर्धा परीक्षेचं तर्काचं पुस्तक पदरचे पैसे घालून कुणी आणून देत नसे. मामाने भाचीला आणून दिलं. रोज दुपारी ती त्याच्या लाँड्रीत, धुवायच्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसून त्यात दिलेल्या युक्तिवादांतल्या चुका शोधायची.

"मामा, हे ऐक. 'परका माणूस आला की कुत्रा भुंकतो. आज कुत्रा भुंकला नाही. म्हणून आज कोणी परकं आलं नाही.' यात चूक काय?"

मामाने वाफेची इस्त्री कॉलरवरून फिरवली. "त्यात काय एवढं! कोणी त्याचं तोंड बांधलं असेल."

"शाब्बास! तूच बस परीक्षेला."

"आणि इथे कोण, तुझी मामी? कपडे जाळेल नि वर मलाच बोलेल!"

हसत हसत तिने उत्तरावर खूण करायला पेन्सिल उचलली, आणि हात तसाच राहिला. मागच्या भिंतीशी असलेला जुना बॉयलर रोज या वेळेला शिट्टी मारून जादा वाफ सोडायचा. आज ती वाजलीच नव्हती.

"मामा, शिट्टी का नाही वाजली?"

"आलं का लक्षात? सकाळी तिचा नट घट्ट आवळला. म्हटलं, पोरीच्या अभ्यासात कटकट नको. बघ, वाजत नाही, म्हणजे वाफही बेताचीच आहे."

ती गठ्ठ्यावरून उठली. "अरे, कुत्र्याचं तोंड तूच बांधलंस!"

"काय गं?"

"वाफ तेवढीच आहे मामा, फक्त बाहेर पडायची वाट बंद झालीय! बाहेर चल आधी."

"वेडी की काय! इतकी वर्षं काही झालं नाही, ते आजच होणार?"

हीदेखील पुस्तकातलीच चूक होती, पण ती समजावत बसायला वेळ नव्हता. बॉयलर बंद करायचं बटण नेमकं त्याच्याच बाजूला होतं. जवळ जाताच तोंडावर झळ आली, आतून काहीतरी कडकन वाजलं. डोळे मिटून तिने बटण खाली ओढलं, मामाचं मनगट धरलं आणि इस्त्री तिथेच ठेवायला लावून त्याला जवळजवळ फरफटत रस्त्यापलीकडे नेलं.

दोघं दुकानाकडे बघत उभी राहिली. बराच वेळ गेला.

"काही झालं नाही ना? म्हणजे काही नव्हतंच," मामा म्हणाला.

पण त्याचा आवाज फाटला होता, आणि दुकानाकडे जायला पाऊलही त्याने उचललं नव्हतं.