लोण्याच्या जाहिरातीतली गाय

तळेगाव ढमढेऱ्यात बापूसाहेबांचा ऊस आहे, कांदा आहे आणि फ्रान्समधल्या जुन्या जाहिरातींची पोस्टरं आहेत. ऊस आणि कांद्याबद्दल गावात कुणाला काही विचारायचं नसतं.

शिक्रापूरला हायवेलगत त्यांचा एक बंगला आहे, तो ते भाड्यानं देतात. काही वर्षांपूर्वी तिथं रेमी नावाचा फ्रेंच इंजिनियर राहायला आला होता. जवळच्या कारखान्यात मशीन बसवायचं त्याचं काम होतं. ते संपवून मायदेशी जाताना त्यानं बापूसाहेबांना कागदाची एक लांबलचक गुंडाळी भेट दिली. उलगडली तर माणसाएवढं चित्र निघालं. निळ्या कोटातला एक गृहस्थ गाढवावर उलटा बसलाय आणि त्याच्या हातात लाल दारूचा पेला आहे. रेमी म्हणाला, हे सत्तर वर्षांपूर्वी पॅरिसच्या भिंतींवर चिकटवायला छापलं होतं. हजारो छापली, बहुतेक पावसात गेली, म्हणून उरलेली लोक जपून ठेवतात.

बापूसाहेब सुपारीच्या खांडालाही न शिवणारे. पण त्यांनी ते चित्र बैठकीच्या खोलीत लावलं, समोर खुर्ची टाकली आणि दोन दिवस कांद्याच्या चाळीकडं फिरकले नाहीत.

मग त्यांनी तो विषय शिकून घेतला. दगडावरून छापलेल्या चित्रात रंग खडूनं फासल्यासारखा सलग दिसतो आणि अलीकडच्या नकलेत भिंगाखाली ठिपके दिसतात. रस्त्यावर लागलेल्या पोस्टरला कधीकधी सरकारी कराचं तिकीट चिकटवलेलं असतं. घडी कुठं पडलीय, कड कुठं फाटलीय, रंग उन्हानं किती उडालाय, यावर मोल ठरतं. परदेशातले लिलाव फोनवर चालत. जन्मभर कांद्याचे लिलाव पाहिलेल्या माणसाला त्यात नवीन काही शिकावं लागलं नाही. फ्रेंच भाषेतले साबण, टायर, सायकल, लोणी आणि आठ-नऊ प्रकारच्या दारू एवढे शब्द त्यांना येऊ लागले.

गावात पोस्टर म्हणजे फ्लेक्स. त्यामुळं घरी येणारा माणूस गाढवावरच्या गृहस्थाकडं बघून वाढदिवस कुणाचा, असं विचारी. सोसायटीच्या एका माजी चेअरमननी हा कुठल्या गटाचा, अशीही चौकशी केली होती. बापूसाहेब प्रत्येकाला नीट उत्तर देत. त्यांच्या पत्नी कस्तुराबाई चहा देताना एवढंच सांगत, की आमच्यात कुणी पीत नाही.

शिरूरच्या एका पोरानं या नादाचा व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकला, तेव्हापासून फोन यायला लागले. लोक जुनी कॅलेंडरं, काडेपेटीची चित्रं, पडलेल्या उमेदवारांची पोस्टरं दाखवत. असाच एकदा पाटसच्या पलीकडून ईश्वर नावाच्या शेतकऱ्यानं फोटो पाठवला. त्याची शेवंती आणि भाजीपाला होता. फोटो अंधारात काढलेला होता. त्यात एक तांबडी-पांढरी गाय होती, तिच्या गळ्यात पांढऱ्या फुलांची माळ, पायाशी वासरू. बापूसाहेबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली आणि न्हावऱ्यावरून चौफुल्याला आले, तिथून पाटस.

चित्र रिकाम्या गोठ्यात होतं. जुन्या धोतराच्या कापडावर खळीनं चिकटवून ते फळीला ठोकलेलं होतं. ईश्वरची आई मालनबाई दाराशी बसून होत्या. त्यांचे सासरे दौंडला रेल्वेच्या रेस्ट हाउसमध्ये आचारी होते. तिथं कधीतरी कामासाठी फ्रेंच साहेब उतरले होते आणि जाताना खोलीतली चित्रं टाकून गेले. गळ्यात फुलं बघून सासऱ्यांना वाटलं, हे देवाचंच असणार. त्यांनी ते घरी आणलं.

"ही आमची वसुबारसची गाय हाय," मालनबाई म्हणाल्या. "आधी खरीच्या शेजारी हिला पुजायचो. मग खरी इकली."

बापूसाहेबांनी भिंग लावलं. ठिपके नव्हते. कोपऱ्यात कराचं तिकीट होतं. ते त्यांनी दोनदा तपासलं. मग भिंग वर नेलं. गाईच्या कपाळावर बोटभर जाडीचं कुंकू होतं, वर्षानुवर्षांचं, आणि त्याखाली हळदीचा ओघळ थेट नाकापर्यंत आलेला.

ईश्वरनं विचारलं, किती येतील. बापूसाहेब म्हणाले, चित्र अस्सल आहे आणि मला ते हवंय, म्हणून आकडा मी सांगणं बरोबर नाही. पुण्याहून जाणकार माणूस आणतो.

जाणकार माणूस म्हणजे धनश्री. त्या काही वर्षं परदेशात लिलावघरात होत्या आणि आता संग्रहालयांसाठी जुन्या कागदांची किंमत ठरवत. पुढच्या आठवड्यात त्या पाटसला आल्या, हातमोजे घातले आणि गोठ्यात उजेड करून बराच वेळ कपाळाकडं बघत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं, की कागद, रंग, छपाई उत्तम आहे, कापडामुळं फाटलेलंही नाही. पण कुंकवातलं तेल कागदात मुरलंय. काढायला गेलं तर कपाळच निघून येईल. त्यांनी किंमत सांगितली आणि डाग नसता तर याच्या चौपट आली असती, असंही प्रामाणिकपणे सांगितलं.

ईश्वरला सांगितलेला आकडाच मोठा वाटत होता. शेवंतीवर शेडनेट टाकायचं त्याच्या मनात होतं, ते भागत होतं. मालनबाईंनी मात्र धनश्रींना जवळ बोलावलं.

"म्हंजी पुजली नसती तर जास्त मोल आलं असतं?"

"हो, आजी."

"पुजली नसती तर आमी ठिवली कशाला असती?"

त्यात राग नव्हता, खरंच विचारत होत्या. धनश्री म्हणाल्या, तेही बरोबर आहे. आकडा तोच राहिला.

मग मालनबाईंनी बापूसाहेबांना विचारलं, तुम्ही हिचं काय करणार. त्यांनी बैठकीची खोली सांगितली, भिंत सांगितली. बारशीला कुंकू कोण लावणार, असं विचारल्यावर ते पुन्हा भिंतीबद्दलच सांगू लागले. मालनबाई म्हणाल्या, की गाय न्या, पण बारस चुकवायची नाही. धनश्रींनी इंग्रजीत हळूच सांगितलं, की दरवर्षी किंमत आणखी उतरेल. बापूसाहेबांनी मान हलवली, ती दोघींपैकी नेमकी कुणाला हे कळलं नाही. ईश्वरच्या हातात पैसे देऊन त्यांनी गाय घरी आणली.

वसुबारसच्या दिवशी संध्याकाळी मालनबाई जीपनं तळेगावात उतरल्या. पदरात शेवंतीची फुलं होती. कुणी बोलावलं नव्हतं. कस्तुराबाईंनी तबक तयार ठेवलं होतं. बापूसाहेबांनी चित्राला उंची काच बसवून घेतली होती आणि त्या काचेवर, गाईच्या कपाळासमोर, कस्तुराबाईंनी नुकतंच कुंकू लावलं होतं. मालनबाईंनी जवळ जाऊन बोटानं काच वाजवून पाहिली.

"दादा, ह्ये तर काचंला लावलंय."

बापूसाहेबांनी त्यांना काचेचं कारण समजावून सांगितलं. धूळ, दमट हवा, ऊन. मालनबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि भुईवर बसून राहिल्या. तबकातलं निरांजन मंद व्हायला लागलं. शेवटी बापूसाहेब आतून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले, चौकट खाली उतरवली आणि काच काढली. इतक्या वर्षांत त्यांनी आपल्या एकाही पोस्टरला उघड्या बोटानं हात लावला नव्हता, कुणाला लावूही दिला नव्हता. मालनबाईंनी कुंकवाची कोयरी त्यांच्यापुढं धरली. बापूसाहेबांनी तीत बोट बुडवलं. कपाळाचा कागद त्यांना वाटला होता त्याहून खरबरीत लागला, आणि गार. कुंकू लावून झाल्यावर ते बोट तसंच उचलून धरून उभे राहिले. धुवावं की राहू द्यावं, हे त्यांना सुचेना.

पुढच्या वर्षी आळीतल्या चार बाया आल्या. तळेगावात गाई आहेत, पण आता त्या मोठ्या गोठ्यात असतात. तिथं मशीननं धार काढतात आणि बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी शिक्रापूरहून, कारखान्यात जाणाऱ्यांच्या बायका रिक्षा करून आल्या. त्यातल्या दोघी बिहारच्या होत्या, त्यांनी आपल्या पद्धतीनं सिंदूर लावला. बापूसाहेबांनी चौकटीला बिजागऱ्या बसवून घेतल्या, म्हणजे काच दारासारखी उघडता येई. गाढवावरचा गृहस्थ पेला उंचावून रांगेकडं बघत असे. कस्तुराबाई नवीन बाईला आमच्यात कुणी पीत नाही हे सांगायच्या आणि पुढं सरकायला लावायच्या.

त्याच वर्षी, वसुबारसच्याच दिवशी धनश्री आल्या. संग्रहाचा विमा उतरवायचा होता म्हणून बापूसाहेबांनी त्यांना बोलावलं होतं, तिथी काही धनश्रींच्या लक्षात नव्हती. रांग बघून त्या दारातच थांबल्या. कस्तुराबाईंनी त्यांना हाताला धरून पुढं नेलं आणि कोयरी दिली. लग्न झालेली बाई, नको म्हणायची सोय नव्हती. धनश्रींनी पर्समधून चष्मा काढला, गाईच्या अगदी जवळ वाकल्या आणि जिथं आधीच सगळ्यात जास्त कुंकू होतं बरोब्बर तिथंच बोट टेकवलं. एक कणही बाहेर जाऊ दिला नाही. मालनबाई बाजूलाच बसल्या होत्या. हिला जमतंय, असं त्या शेजारी बसलेल्या बाईला म्हणाल्या.

नंतर बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाऊन धनश्रींनी एकेक पोस्टर तपासलं. गाढववाल्याचं मोल वाढलं होतं, सायकलवालीचं दुपटीला गेलं होतं. गाईपाशी आल्यावर त्या म्हणाल्या, की बाजारात आता चौकटीचेच पैसे येतील. लोण्याच्या जाहिराती घेणारे आहेत, पण कपाळ शोधावं लागणार नाही अशा घेतात. बापूसाहेबांनी विचारलं, मग विमा? धनश्रींनी गाय सोडून बाकीच्यांचा उतरवायला सांगितलं. तसं त्यांनी केलं.

न्हावऱ्याकडची शेवटची जीप गाठायची म्हणून मालनबाई उठल्या. बापूसाहेब स्वतः गाडीनं त्यांना पोचवायला निघाले. उसाच्या ट्रॉल्या पुढं होत्या, गाडी हळू चालली होती. न्हावरं मागं पडल्यावर मालनबाई म्हणाल्या, की सासऱ्यांना एक विचारायचं राहूनच गेलं, त्यांनाही बहुतेक ठाऊक नसावं.

"गायीच्या खाली काय लिव्हलंय हो?"

बापूसाहेबांनी एक ट्रॉली मागं टाकली.

"लिव्हलंय, आमचं लोणी ताजं हाय."

मालनबाईंनी खिडकीबाहेर बघत थोडा विचार केला.

"आसंल की," त्या म्हणाल्या. "गाय चांगली हाय."