साध्या पाण्यानं करून पाहिलं का?

पवनीबाहेर, वैनगंगेच्या काठच्या शेतात मांडव टाकला होता आणि त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. धान निघालं होतं, लोकांना सवड होती. पार शहापूरपासूनच्या गाड्या भरून माणसं आली होती.

स्टेजवर एक लाकडी पेटी. तिला दोन पितळी मुठी आणि वर एक हिरवा दिवा. पेटीमागे स्पंदनमहाराज, भगवी कफनी आणि कानाला माईक. त्यांनी गर्दीतून गोदावरीबाई नावाच्या म्हातारीला वर बोलावलं, तिच्या तळहातांना भस्म चोळलं.

"माई, मुठी घट्ट धरा."

तिनं धरल्या. दिवा लागला नाही.

"पाहिलं? देह जागा आहे, स्पंदन झोपलेलं आहे!"

मग डोळे मिटून त्यांनी मंत्र म्हटला आणि तांब्यातलं तीर्थ तिच्या हातांवर शिंपडलं. "आता धरा."

दिवा लख्ख पेटला. गोदावरीबाई रडायलाच लागली. मांडवभर हात जोडले गेले.

"ही नुसती श्रद्धा नाही, विज्ञान आहे! क्वांटम आहे! परदेशातल्या प्रयोगशाळांना आत्ता कुठे कळायला लागलंय, ते आमच्या ऋषींनी झाडाखाली बसून सांगून ठेवलंय. माझ्यावर विश्वास ठेवू नका. या प्राध्यापकांना विचारा!"

स्टेजवरच्या खुर्चीतून शाल सावरत प्रा. कैलाश भुरे उठले आणि त्यांनी लोकांना नमस्कार केला. टाळ्या वाजल्या. तो नमस्कार पुढे कितीतरी दिवस त्यांच्या डोळ्यांसमोरून हलला नाही.

भुरे सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. माणूस लबाड नव्हता. कॉलेजनं विज्ञान आणि तत्त्वज्ञान यांच्या संयुक्त संशोधनाचा प्रकल्प घेतला होता. कल्पना मुळात वच्छला मेश्राम मॅडमची. त्या पाली आणि भारतीय दर्शनं शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं म्हणणं असं, की आपल्याकडच्या तर्कशास्त्रानं दोन हजार वर्षं 'हे कशावरून?' असा प्रश्न विचारला आहे आणि विज्ञानही तेच विचारतं. मग दोघांनी एका टेबलाशी बसायला काय हरकत आहे? प्रकल्पावर दोघांची नावं पडली. तपासायला विषय हवा होता, तो महाराजांच्या आश्रमानं आपणहून पुरवला.

सरांनी स्वतःचा मीटर नेला. एकशे आठ माणसांच्या हातांचा विद्युतरोध मोजला. मंत्रतीर्थाआधी काही लाख ओहम, नंतर काही हजार. एकही आकडा खोटा नव्हता. 'मंत्रसंस्कारानंतर शरीराच्या विद्युत गुणधर्मांत लक्षणीय बदल आढळला,' असं त्यांनी लिहिलं.

मॅडमनी अहवाल वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सर, मंत्र आणि पाणी, दोन्ही एकदम दिलं त्यांनी. मग काम कोणाचं, हे कसं कळलं तुम्हाला?"

"आकडे आहेत ना, मॅडम."

"आकडे आहेत. पण कारण ठरवायला दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. ते असताना होतं का, आणि ते नसताना होत नाही का? आमच्याकडे त्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. तुम्ही साध्या पाण्यानं करून पाहिलं का? नुसत्या मंत्रानं?"

सर हसले. "मॅडम, हे मोजमापाचं काम आहे. तुमचं क्षेत्र वेगळं."

मॅडमनी सही केली नाही. सरांनी एकट्यानं केली. परिषदेत पेपर वाचला, फोटो छापून आला, शाल मिळाली. आश्रमानं अहवालाच्या झेरॉक्स गावोगाव वाटल्या आणि पवनीच्या त्या मांडवात सरांना स्टेजवर खुर्ची दिली.

जानेवारीत दामिनी वर्गात दिसेना. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची हुशार मुलगी. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता, पण रोजच्या गोळ्यांवर तिचं ठीक चाललं होतं. भंडाऱ्याला दवाखान्यात भरती आहे असं कळलं, तेव्हा सर भेटायला गेले. दामिनीच्या नाकाला ऑक्सिजन लावलेला, ओठ कोरडे. दुखणं इतकं की चादर अंगाला लागली तरी कण्हत होती. बाहेर बाकावर तिचा बाप डोमा बसला होता. गवंडीकाम करणारा माणूस. सरांना पाहून त्याचा चेहरा उजळला.

"बरं झालं आले, सर! डॉक्टर मले रागावून राहिले. गोळ्या काहून बंद केल्या म्हणते. तुमी जरा त्यायले समजावून सांगा ना."

"काय समजावू?"

डोमानं पिशवीतून झेरॉक्स काढली. घडी करकरून ती मधोमध फाटायला आली होती. "पोरीच्या हातानं दिवा लागला होता. महाराज म्हणे, रक्त जागं झालं, आता गोळ्या खाल्ल्या तं स्पंदन मरते. मी लगेच नाई मानलं, सर. घरी येऊन हे वाचून घेतलं पोरीकडून. खाली तुमचं नाव. तिनंच सांगतलं, हे आमचे सर आहेत, हे खोटं नाई लिवणार."

डॉक्टर बाहेर आले. कागदाकडे बोट करून त्यांनी विचारलं, "ही सही कोणाची आहे?"

"माझी," सर म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा सांगावं लागलं. आणि डोमा अजूनही आशेनं दोघांकडे आळीपाळीनं पाहत होता.

तिथून सर थेट मेश्राम मॅडमच्या दारात गेले. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "मॅडम, मी तुमचा प्रश्न हसण्यावारी नेला."

मॅडमनी त्यांना सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी चहा ठेवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचा मीटर आणा. आणि आश्रमाच्या तीर्थाची बाटली कोणाकडे तरी असेलच."

बाटली मिळाली. मॅडमनी थेंबभर जिभेवर घेतलं. खारट होतं.

पुढच्या मेळाव्यात भुरे सर पुन्हा स्टेजवर होते. "संशोधन पुढं न्यायचं आहे, लोकांसमोर दोन चाचण्या करू," असं त्यांनी माईकवरून म्हटलं, तेव्हा महाराजांना नाही म्हणता येईना. प्राध्यापकांना विचारा, असं त्यांनीच तर शिकवलं होतं.

पहिली चाचणी. मागच्या वेळच्याच गोदावरीबाई पुढे आल्या, त्यांच्या हातांना भस्म. महाराजांनी पूर्ण मंत्र म्हणायचा, फक्त तीर्थ द्यायचं नाही. मंत्र झाला. दिवा लागला नाही.

"माईंची श्रद्धा आज कमी पडली," महाराज म्हणाले.

"माही श्रद्धा तं तेवढीच आहे," गोदावरीबाई खटकन म्हणाली.

दुसरी चाचणी. मेश्राम मॅडम पुढे आल्या. हापशीचं पाणी आणि त्यात चिमूटभर मीठ, हे सगळ्यांसमोर कालवलं. मग डोळे मिटून, मंत्राच्याच चालीत त्यांनी सुरू केलं, "याऽऽत्रीगण कृपया ध्याऽऽन दें..." वरठी स्टेशनवर रोज ऐकू येणारी ती घोषणा! मांडवात खसखस पिकली. त्यांनी पाणी शिंपडलं, बाईंनी मुठी धरल्या आणि दिवा लख्ख पेटला. सरांनी मग बाईंनाही बाजूला केलं आणि एक ओलं फडकं दोन्ही मुठींवर टाकलं. दिवा जळतच राहिला.

"आता फडक्याचंही स्पंदन जागं झालं म्हणायचं!" मागून कोणीतरी ओरडलं.

सरांनी पेटीचं झाकण उघडून आत काय आहे ते दाखवलं. "ही बॅटरी. हा छोटा सर्किटचा तुकडा. मुठीतून मुठीत थोडी वीज गेली, की दिवा लागतो. कोरड्या हातातून ती जवळजवळ जात नाही. भस्म हात कोरडे करायला, तीर्थातलं मीठ वीज जायला. मंत्राचा यात काही संबंध नाही, आणि रक्ताचा तर नाहीच."

महाराज 'धर्माचा अपमान' म्हणू लागले. मेश्राम मॅडम शांतपणे म्हणाल्या, "धर्माची पुस्तकं वाचण्यात माझा जन्म गेला. तपासू नका असं सांगणारा गुरू मला कधी मोठा वाटला नाही." महाराजांची गाडी निघाली. त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार त्याच दुपारी झाली.

पण सभा हलली नव्हती. डोमा मधल्या रांगेत उभा होता.

"सर, तुमाले हे आधीच मालूम होतं का?"

नाही म्हणणं खरं होतं आणि सोपंही. सरांनी माईक खाली ठेवला.

"मालूम नव्हतं, डोमाभाऊ. पण मालूम करून घेता येत होतं, घोटभर पाण्यानं. मॅडमनी मले सांगतलं होतं. मले शाल पाहिजे होती."

डोमा रांगेतून बाहेर पडला. मांडवाबाहेर निघून गेला.

दामिनी बरी होऊन घरी आली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. तिचं वर्ष मात्र गेलं. प्रकल्प बंद करा, असं कॉलेजात बरेच जण म्हणाले, पण मॅडमनी बंद होऊ दिला नाही. नवा अहवाल दोघांनी मिळून लिहिला, दोघांच्या सहीनं. त्याचं पहिलं वाक्य भुरे सरांनी स्वतः लिहिलं: 'मागील अहवालाचा निष्कर्ष चुकीचा होता, आणि ती चूक माझी आहे.' शेवटी लोकांसाठी चार ओळी होत्या. कोणी चमत्कार दाखवला तर त्यातली एकेक गोष्ट काढून पुन्हा करून दाखवायला सांगा. सांगणारा साधू असो की प्राध्यापक, सही पाहून थांबू नका. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.

त्याच्या झेरॉक्स घेऊन भुरे सर स्वतः गावोगाव गेले. पहिली डोमाच्या दारात.

डोमानं ती घेतली आणि दामिनीच्या हातात दिली. "वाच," तो म्हणाला. "आन् या बारीनं नाव पाहू नको. काय लिवलं ते पाह्य."

सर दारातच उभे राहिले. ती शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर त्यांना मान वर करता आली नाही.