पत्रपेटीमागचा निळा

बाबा गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी आई आपल्याच दारावरून पुढे जाऊ लागली. संध्याकाळी फिरून यायची, फाटकाशी क्षणभर थांबायची आणि झोपेत चालल्यासारखी चालू पडायची. धावत जाऊन हात धरला की म्हणायची, "अगं, आपलं घर निळं आहे." एखाद्या दिवशी मला धावायला उशीर होईल, ही भीती उशाशी घेऊनच मी झोपत असे.

समोरची भिंत पश्चिमेची, दुपारचं ऊन थेट तिच्यावर. बाबा ती दरवर्षी धुवायचे, वर्षाआड स्वतः रंगाचा हात मारायचे. रंग उडालेला त्यांनी कधी कुणाला दिसू दिला नाही. आता ती राखेसारखी झाली होती. आईच्या मनातल्या घराला मात्र ऊन लागलंच नव्हतं.

रंगाऱ्याने भिंतीवर तळवा घासून माझ्यापुढे धरला. पांढरी पूड.

"यावर नुसता रंग चढवला तर पोपडे निघतील, ताई. आधी धुऊ, घासू, प्रायमर देऊ, मग दोन हात. पण निळा कुठला?"

मी भिंतीकडे बघून शेड कार्डावर बोट ठेवलं.

"आजारी माणसाच्या तोंडावरून त्याचा रंग ठरवताय होय? ऊन न लागलेली जागा दाखवा."

आम्ही भिंतीवरची पत्रपेटी काढली. मागे वहीएवढा चौकोन होता, गर्द निळा, खोल पाण्यासारखा. त्यात ब्रशचा एक केस चिकटून बसला होता.

"पेटी काढून मागे कोण रंग मारतं?" रंगारी हसला. "माणूस हौशी दिसतोय."

"होता," मी म्हटलं.

त्याने तीनदा रंग मिसळला, पुठ्ठ्यावर लावून वाळवला, चौकोनाशेजारी धरून पाहिला. चौथ्यांदा दोन्ही निळ्यांतला फरक दिसेनासा झाला.

काम चालू होतं तेवढे दिवस आई मावशीकडे होती. परत आली त्या संध्याकाळी मी मुद्दाम तिला एकटीलाच फिरायला सोडलं आणि खिडकीआड उभी राहिले. गल्ली सोनेरी धुक्यात तरंगत होती. त्यातून आई आली, थांबली आणि तिने फाटकाची कडी काढली. माझा जीव भांड्यात पडला.

"ओला आहे का गं अजून?" तिने पायरीवरून विचारलं. "आणि हे कुठं आहेत?"

याचा मी विचारच केला नव्हता.

"मागे. ब्रश धुताहेत."

"मग बसते मी. त्यांना वेळ लागतो."

ती पायरीवर टेकली. थोड्या वेळाने मीही तिच्याशेजारी जाऊन बसले.