कोळशाच्या धक्क्यावरून आलेला वारामापक

मी एक जुना वारामापक आहे. कतारच्या उत्तर टोकाला अल रुवैस नावाचे छोटे बंदर आहे. तिथल्या एका क्रेनवर माझे बिऱ्हाड आहे. मित्रांनो, तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात माझे नाव ‘पवनवेगमापक’ असे भारदस्त छापलेले असेल, पण एवढ्या लांब नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. आणि कृपा करून मला वातकुक्कुट समजू नका. तो पत्र्याचा कोंबडा नुसती दिशा दाखवतो आणि तेवढ्यावर मिरवतो. मी वेग मोजतो.

माझे शरीर दोन जागी आहे. क्रेनच्या लांब दांड्याच्या टोकाला माझ्या तीन वाट्या वाऱ्यावर फिरतात. तिथून एक तार खाली केबिनमध्ये येते. केबिनमध्ये, चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, माझी तबकडी आणि काटा आहे. वर जे कळते ते मी खाली सांगतो. माझे मत कोणी विचारत नाही आणि मीही ते देत नाही.

माझा जन्म १९८३ साली डेन्मार्कमध्ये झाला. समुद्राकाठच्या एका वीजघराला लागून कोळशाचा धक्का होता. तिथल्या क्रेनवर मला बसवले. त्या काळी त्या देशातली बहुतेक सगळी वीज कोळशावर चाले. हा कोळसा त्यांच्या जमिनीत नव्हता, तो बोटींनी लांबून येई. माझा आकडा आठच्या वर गेला की कोळशाच्या ढिगावर पाण्याचे फवारे सोडावे लागत, नाहीतर काळी भुकटी उडून गावात वाळत घातलेल्या चादरींवर बसायची आणि बायका तक्रार घेऊन यायच्या. आकडा बारा झाला की क्रेनच बंद.

ही क्रेन येन्स नावाचा उंच, अबोल माणूस चालवायचा. प्रत्येक ओझे उचलण्याआधी तो मला मोठ्याने वाचायचा. “सेकंदाला सात मीटर.” नुसते ‘सात’ असे तो कधीच म्हणाला नाही. केबिनमध्ये दुसरे कोणी नसतानाही तो असेच वाचायचा. मला तेव्हा ते जरा अतीच वाटायचे.

मग काळ बदलला. गावकऱ्यांनी वर्गणी काढून शेतात पवनचक्क्या उभ्या केल्या होत्याच. १९९७च्या सुमारास सरकारने ठरवले की यापुढे कोळशावर चालणारे नवे वीजघर बांधायचे नाही. कोळसा काही एका दिवसात गेला नाही. बोटी आधी आठवड्याला यायच्या, त्या पंधरवड्याला येऊ लागल्या. मधल्या रिकाम्या दिवसांत आमच्याच धक्क्यावर पवनचक्क्यांची पांढरी पाती उतरू लागली. मला याची गंमत वाटायची. चौदा वर्षे माझा काटा वर गेला की लोक कपाळाला आठ्या घालत होते, आता तीच माणसे वर गेलेला काटा पाहून खूश होत. वारा तोच होता आणि मीही तोच होतो.

पण सगळेच खूश नव्हते. धक्क्यावर अठरा माणसे होती, त्यांतली सात उरली. येन्सला पवनचक्कीच्या कामावर घेतले नाही, कारण त्याचे वय झाले होते. कोळशाने हवा खराब केली हे खरे आहे, मित्रांनो, पण त्या कोळशावर ज्यांच्या घरची चूल पेटली ती माणसे काही वाईट नव्हती. शेवटच्या दिवशी येन्सने माझी काच रुमालाने पुसली आणि तो जिना उतरून गेला. मला फार वाईट वाटले.

पुढे पाती इतकी मोठी झाली की आमची क्रेन अपुरी पडू लागली. धक्क्यावर एकसारख्या दोन क्रेन होत्या. दोन्ही एकदम विकायला काढल्या. २००२ साली दोहातल्या एका ठेकेदार कंपनीने त्या विकत घेतल्या आणि आम्ही बोटीत चढलो. माझा जुळा भाऊ दुसऱ्या क्रेनवर होता.

दोहाच्या वर्कशॉपमध्ये आम्हाला धुऊन, घासून, पिवळा रंग दिला. माझी तबकडी काळवंडली होती. ती एका कामगाराने थिनरने लख्ख पुसली. बिचाऱ्याने मन लावून पुसली, त्याला दोष कसा देऊ? पण आकडे कोरलेले होते म्हणून राहिले, आणि त्यांच्या खाली बारीक छापलेली ‘सेकंदाला मीटर’ या अर्थाची अक्षरे निघून गेली. माझ्या भावाचीही गेली. मग कंपनीचा इंजिनिअर तपासणीला आला. अमेय त्याचे नाव. तो मूळचा नाशिकचा आणि राहायला दोहातच, अल हिलालमध्ये. त्याच्या हातात बेचाळीस कलमांची यादी होती आणि दुपारचा एक वाजला होता. त्याने माझ्या वाट्या फिरतात का ते पाहिले, काटा हलतो का ते पाहिले, ‘ठीक’ अशी खूण केली आणि खाली सही केली. त्यानंतर केबिनमध्ये माझ्या शेजारी एक लाल चिठ्ठी चिकटवली गेली. वारा वीस नॉटच्या वर गेला तर काम बंद, असे तिच्यावर लिहिले होते.

आता इथे नीट लक्ष द्या. समुद्रावरची माणसे वारा नॉटमध्ये मोजतात. मी मोजतो मीटरमध्ये. माझा एक मीटर म्हणजे त्यांचे जवळजवळ दोन नॉट. म्हणजे मी अकरा दाखवतो तेव्हा वीस नॉटची मर्यादा ओलांडलेली असते. पण लाल चिठ्ठी वाचून माझ्याकडे पाहणाऱ्याला वाटणार, अजून बरीच मोकळीक आहे. मी खरे तेच सांगत होतो, आणि तरीही रोज खोटा ठरत होतो. यंत्राला याहून मोठे दुःख नसते.

भावाला अल खोरच्या यार्डात पाठवले आणि मला अल रुवैसला. आमची क्रेन अब्बास चालवू लागला. तो रायगडातल्या म्हसळ्याकडचा. खाली हातवारे करून इशारा देणारा नसरुद्दीन त्याच्याच गावचा होता. दोघे एकाच बोटीवर मासे मारत मोठे झालेले, आणि इथेही एकाच खोलीत राहायचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत नसरुद्दीनने विचारले होते, “ही क्रेन तिकडच्या लोकांनी विकली कशाला?”

अब्बास म्हणाला, “तिकडं कोळसा बंद करतायत म्हणं. वाऱ्यावर वीज काढतात आता.”

“बरं हाय त्यांचं,” नसरुद्दीन म्हणाला. “आपल्याकडं वारा आला की नुसती डोळ्यांत रेती.”

चौदा महिने तसेच गेले. मग २००३च्या जूनमध्ये शमाल सुटला. शमाल म्हणजे इथला वायव्येचा वारा. तो आला की चार-चार दिवस हटत नाही. त्या दिवशी मी तेरा दाखवत होतो. अब्बासने एकदा बाहेर पाहिले, एकदा मला पाहिले, एकदा लाल चिठ्ठी वाचली आणि लाँचमधून पाइपांची जुडी उचलली. ती हवेत फिरली आणि नसरुद्दीनच्या खांद्यावर आदळली. हाड मोडले. चौकशीत लिहिले गेले की वारा मर्यादेत होता, चूक क्रेन चालवणाऱ्याची. अब्बासला ताकीद मिळाली. नसरुद्दीनचा हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून त्याला घरी पाठवले. जाताना तो अब्बासशी बोलला नाही. अब्बासचे लक्ष नव्हते, असे त्याने गावात सगळ्यांना सांगितले. त्या वर्षी अब्बास सुट्टीवर गावी गेलाच नाही.

तेव्हापासून अब्बास मला बघायचा, पण माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही. मला ते लागायचे, पण त्याचे बरोबर होते.

पुढच्या जुलैत पुन्हा शमाल आला. लाँचमधून एक जनरेटर उतरवायचा होता. खाली चार माणसे उभी होती. माझा काटा अकरावर होता. अब्बासने तो आकडा खाली सांगितला.

“काँटा ग्यारह पर है,” फोरमन खालून ओरडला. “बीस तक चलता है. यल्ला, उठाओ.”

“नहीं उठाऊंगा,” अब्बास म्हणाला आणि त्याने इंजिन बंद केले.

फोरमनने लगेच दोहाला फोन केला. पहिल्या ताकिदीनंतर कामाला नकार म्हणजे व्हिसा रद्द आणि परतीचे तिकीट. कागद तयार करायला कंपनीने एक माणूस गाडीने पाठवला. तो अमेय होता.

तो दुपारी पोहोचला. वारा तसाच होता. केबिनमध्ये चढून त्याने आधी मला पाहिले, मग अब्बासला विचारले, “आप कहाँ के हैं?”

“म्हसळा. रायगड.”

“मग मराठीत बोला ना. का नाही उचललंत, अब्बासभाई?”

“साहेब, वारा वीसच्या वर हाय. अंगाला कळतो. बारा वर्षाचा होतो तवापासून बोटीवर हाय मी. मशीन काय पन सांगू दे.”

अमेयच्या पिशवीत हातात धरायचा एक नवा वारामापक होता. तो बाहेरच्या कठड्यावर गेला आणि त्याने तो उंच धरला. त्याच्यावर आले बावीस नॉट. माझ्यावर अकरा.

अमेय हुश्श करून आत आला. “तुमचं बरोबर आहे. हे यंत्र बिघडलंय. मी तसं लिहितो. तुमची ताकीदही रद्द होईल. प्रश्न मिटला.”

मित्रांनो, मला ओरडता आले असते तर मी तेव्हा ओरडलो असतो. एकवीस वर्षांत मी एकदाही चुकीचे मोजले नव्हते.

अब्बास खूश व्हायला हवा होता. तो माझ्याकडेच बघत बसला. “बिघडलंय म्हनता. मग खोरच्या क्रेनवरचं पन बिघडलंय काय? तिथला जहूर पन हेच म्हनतो, अकरा-बारालाच झोडपून काढतो वारा. दोन मशीन एकसारखी कशी बिघडनार?”

अमेय थांबला. तो पुन्हा बाहेर गेला. वारा जरा उतरल्यावर त्याने मोजले. त्याच्याकडे सोळा, माझ्यावर आठ. वाऱ्याने जोर धरल्यावर त्याच्याकडे चोवीस, माझ्यावर बारा. बिघडलेले यंत्र इतके शिस्तीत चुकत नाही. त्याने माझ्या आकड्यांखालच्या रिकाम्या जागेवर बोट फिरवले, आणि त्याचा चेहरा उतरला.

“नॉट नाहीत हे,” तो हळूच म्हणाला. “मीटर आहेत.”

पहिले काम त्याने केले ते अल खोरला फोन लावण्याचे. “जहूर, काम खलास. आत्ता. हुकवर काय आहे? खाली ठेव. हो, मीच सांगतोय.” पलीकडे ओझे खाली उतरेपर्यंत त्याने फोन कानावरून काढला नाही.

मग तो केबिनच्या पायरीवर बसला.

“दोन्ही क्रेन मी तपासल्या होत्या,” तो म्हणाला. “सही माझी आहे.”

“मग बिघडलं असंच लिहा साहेब,” अब्बास म्हणाला. “माझा व्हिसा वाचला, बास हाय. तुमची पन पोरंबाळं हायत.”

ही गोष्ट मी कधी विसरणार नाही. ज्याची वर्षभर बदनामी झाली तो माणूस समोरच्याला वाट काढून देत होता. अमेयने मांडीवर वही घेतली आणि इंग्रजीत अहवाल लिहिला. यंत्र व्यवस्थित आहे. एकक पुसले गेले होते. तपासणी करणाऱ्याने ते पाहिले नाही. तपासणी करणारा मी, अमेय. गेल्या वर्षी जूनमधल्या अपघाताच्या वेळी वारा पंचवीस नॉट होता आणि चालवणाऱ्याची चूक नव्हती. लिहून झाल्यावर त्याने ते अब्बासला मराठीत वाचून दाखवले.

अब्बासने मान हलवली. मग म्हणाला, “साहेब, हा कंपनीचा कागद झाला. एक कागद मला मराठीत लिहून द्याल? नसरुद्दीनला पाठवायचाय.”

अमेयने नवे पान काढले. त्यावर चारच ओळी होत्या. शेवटची ओळ मला माझ्या जागेवरून दिसली. ‘चूक अब्बासभाईंची नव्हती. माझी होती.’

अमेयची बढती त्या वर्षी अडली. एका अर्थी त्याने ती स्वतःच अडवली. आठवड्याभराने तो बारीक कुंचला आणि काळा रंग घेऊन आला आणि माझी हरवलेली अक्षरे त्याने स्वतःच्या हाताने परत लिहिली. शेजारची लाल चिठ्ठी काढून तिथे दहा मीटरची नवी चिठ्ठी लावली. अक्षरे जरा वाकडी आहेत, पण मला ती फार आवडतात.

आता मी म्हातारा झालो आहे. माझी एक वाटी कुरकुरते. माझी विनंती मोठी नाही, मित्रांनो. जुन्या यंत्रांना पुसा, तेल घाला, पण पुसताना त्यांचे शब्द पुसू नका. आणि कोणताही आकडा दिसला तर तो कशाचा आहे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. सात, अकरा, तेरा हे नुसते आकडे असतात. त्यांच्याखाली कोणीतरी उभे असते.

हो, एक सांगायचे राहिले. तेव्हा पत्र पाठवून महिना झाला तरी म्हसळ्याहून काही उत्तर आले नाही. अब्बास रोज केबिनमध्ये मोबाइल माझ्या खालच्या फळीवर ठेवायचा. एका सकाळी तो वाजला. अब्बासने उचलला.

पलीकडून नसरुद्दीन म्हणाला, “वारा किती हाय रे तिकडं?”

अब्बासने माझ्याकडे पाहिले. त्याला माझा आकडा वाचायला बराच वेळ लागला, कारण त्याच्या डोळ्यांत पाणी होते.

“सेकंदाला सहा मीटर,” तो म्हणाला.