मारून उतरवलेलं वजन

लोखंडी चिमटा पाठीवर बसला की आधी आवाज यायचा, मग किंकाळी, आणि किंकाळी विरायच्या आत शेदोनशे माणसं गर्जायची, "जय तुलाबाबा!"

गंगेपलीकडच्या कैथपुरा गावात दर रविवारी हा सोहळा चाले. वडाच्या फांदीला आडतीत असतो तसला भलामोठा तराजू टांगलेला. दांडीवर झेंडूच्या माळा इतक्या गुंडाळलेल्या, की लाकूड आहे की लोखंड तेही कळू नये. डाव्या पारड्यात लठ्ठ माणूस बसे, उजव्यात वजनं चढत. आकडा पुकारला जाई. मग बाबा त्याला खाली ओढून हातभर लांब चिमट्याने झोडपी, अंगातला 'मेदासुर' निघून जाईपर्यंत. पुन्हा तोलावं, तर डोळ्यांदेखत चार-चार किलो गायब!

"चरबी नहीं है बेटा, राक्षस है!" बाबा हात नाचवत सांगे. "डॉक्टर गोली देता है, और गोली खाकर राक्षस मोटा होता है!"

ती गोळी देणारी डॉक्टर म्हणजे कस्तुरी पायगुंडे. घर पिढ्यान्पिढ्या गंगेच्या अलीकडे, बालाजी घाटाशी, नोकरी कैथपुऱ्याच्या सरकारी दवाखान्यात. गावात गुडघे धरून चालणाऱ्या, चाळिशीतच साखर वाढलेल्या बायका पाहून तिने त्यांना पहाटे बांधावर चालायला बोलावलं होतं. तळणाचं तेल कमी, चहातली साखर अर्धी, आणि महिन्याच्या महिन्याला दवाखान्यात वजन. आधी चार जणी आल्या, मग बांध भरून गेला. सगळ्यांच्या पुढे फुलमती. चालता चालता कजरीची गाणी म्हणायची, मागे राहणारीला टोमणे मारायची. तिची साखर उतरली, तेव्हा तिने दवाखान्यात पेढ्यांऐवजी पेरू वाटले होते.

पण हे वजन उतरायचं महिन्याला अर्धा किलो. बाबा एका दुपारी चार उतरवी. दोन महिन्यांत बांध ओस पडला. फुलमतीने गोळ्यासुद्धा सोडल्या. कस्तुरी तिच्या दारी गेली, तर ती खाली मान घालून म्हणाली, "दीदी, आप तो बहुत धीरे-धीरे करती हैं."

कस्तुरीने पोलीस ठाण्यात तक्रार दिली. "लोग अपनी मर्जी से पिटते हैं, मॅडम," एवढंच उत्तर मिळालं.

एका रविवारी संध्याकाळी तिचे ढुंढिराजकाका भिंतीचा आधार घेत घरी आले. काका घाटावरचे वेदपाठी, अंगाने भारी, गुडघ्यांनी हैराण. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"काका, हे रक्त कसलं?"

"काही नाही गं. सदरा जरा हळू काढ." काकांचे दात दुखण्याने आवळले होते, पण चेहरा फुललेला. "आधी विचार तर, वजन किती उतरलं!"

सदरा निघाला. पाठभर काळेनिळे वळ, दोन ठिकाणी कातडी फाटलेली. जखमा धुऊन झाल्यावर तिने काकांना घरच्या काट्यावर उभं केलं. वजन गेल्या आठवड्याइतकंच.

"तुझा काटा बिघडलाय," काका म्हणाले. "बाबांचा तराजू देवाचा."

"देवाच्या तराजूत तोलतात कसं, ते तर सांगा."

"आधी वाम, म्हणजे डाव्या पारड्यात. मार झाला की दक्षिण, म्हणजे उजव्या पारड्यात. मेदासुर वामांगी राहतो, असं शास्त्र आहे."

"कुठल्या शास्त्रात, काका?"

काकांचा जन्म शास्त्रं पाठ करण्यात गेला होता. त्यांनी बोटांवर एकेक ग्रंथ मोजला, मेदासुर कुठेच नव्हता.

"म्हणजे माणूस पारडं बदलतो," कस्तुरी हळूच म्हणाली, आणि तिने काकांना आपला संशय सांगितला. काका म्हणाले, "पुढच्या रविवारी मीही येतो. मार मी खाल्लाय. खोटं असेल तर ते मलाच बघू दे."

ते दोघं वडाखाली पोचले तेव्हा मार सुरू झाला होता. जमिनीवर पालथी फुलमती होती. दोन चेल्यांनी तिचे हात धरले होते.

"बोल मेदासुर, जाएगा कि नहीं?"

चिमटा उतरला. फुलमती ओरडली. पुन्हा उतरला. या वेळी कस्तुरीला हाड मोडल्याचा आवाज आला, आणि फुलमतीचं ओरडणं बंद झालं.

"निकल गया! राक्षस निकल गया!" बाबा नाचू लागला.

कस्तुरी गर्दीत घुसली. एका चेल्याने तिचे केस धरून मागे खेचलं. तिने त्याच्या हाताचा कडकडून चावा घेतला आणि स्वतःला फुलमतीवर झोकून दिलं. बाबाचा पुढचा फटका तिच्या मनगटावर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. फुलमतीच्या ओठांवर लाल फेस होता. बरगडी फुप्फुसात घुसली होती.

"राक्षस नहीं, इसकी जान जा रही है! कोई ॲम्ब्युलन्स बुलाओ! काका, तराजू!"

ढुंढिराजकाका पुढे झाले. आयुष्यभर कमावलेला आवाज त्यांनी सोडला, तशी गर्दी थबकली. भंडाऱ्याच्या जेवणासाठी आणलेलं गव्हाचं पोतं दाखवून ते म्हणाले, "भाइयो, इस बोरे को किसी ने मारा नहीं. तोलो इसे, दोनों तरफ!"

चेल्याची लाठी त्यांच्या खांद्यावर बसली. ते गुडघ्यावर आले, पण पूर्वी बांधावर चालणाऱ्या सहासात जणींनी त्यांच्याभोवती कडं केलं. त्या बायकांनीच पोतं उचललं. आधी डावीकडे तोललं, मग उजवीकडे. मार न खाताच गव्हाचं वजन अडीच किलोंनी उतरलं.

"अब बोलो," काका धापा टाकत म्हणाले, "गेहूँ में भी मेदासुर था क्या?"

एकीने झेंडूच्या माळा ओरबाडून काढल्या. तराजू टांगायची कडी दांडीच्या मधोमध नव्हतीच; बोटभर उजवीकडे सरकवलेली होती. डावी बाजू लांब, उजवी आखूड. सी-सॉवर टोकाला बसलेलं पोर भारी पडतं ना, तसा लांब बाजूचा माणूस खऱ्याहून जड भरे आणि आखूड बाजूला आला की हलका. रिकामा तराजू सरळ दिसावा म्हणून उजव्या पारड्याच्या बुडाला लोखंडी पट्टी डकवलेली होती. एवढाच काय तो चमत्कार.

मग फुलमतीच्या थोरल्या मुलाने, प्रह्लादने, बाबाच्या हातातला चिमटा हिसकला. पहिल्याच फटक्यात बाबाचं कपाळ फुटलं. चेले पळाले. आतापर्यंत जयजयकार करणारे हात आता दगड शोधू लागले. मघाच्याच त्वेषाने, मघाच्याच आवाजात लोक ओरडत होते, "मारो!"

काका रांगत गेले आणि बाबावर आडवे पडले. प्रह्लादचा चिमटा त्यांच्या न भरलेल्या जखमांवर बसला.

"प्रह्लाद!" कस्तुरी किंचाळली. "तेरी माँ अभी साँस ले रही है! इधर आ, हाथ लगा!"

त्याने रक्ताळलेला चिमटा पाहिला, मग आईकडे पाहिलं. चिमटा टाकून तो धावत आला, आणि त्याच हातांनी त्याने आईला उचलून धरलं, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत.

बाबाला पोलीस घेऊन गेले. फुलमती वाचली, पण गोळ्या सोडल्याने वाढलेल्या साखरेमुळे तिच्या जखमा फार सावकाश भरल्या. कजरी म्हणण्याइतका दम तिच्यात अजून आलेला नाही. तरी ती काठी टेकत बांधापर्यंत येते. काकाही अधूनमधून पूल ओलांडून येतात, तिच्या चालीने चालतात.

चालणं पुन्हा सुरू झालं त्या पहिल्या सकाळी हात प्लास्टरमध्ये अडकवून कस्तुरी बायकांपुढे उभी राहिली होती. एकीने तिच्या पायांना हात लावला, तशी ती मागे सरली.

"माझ्या पाया पडू नका," ती त्यांच्याच बोलीत म्हणाली. "बाबावर विश्वास टाकलात, आता माझ्यावर टाकाल, तर तुम्ही फक्त बाबा बदललात. माझा काटासुद्धा तपासा. वाण्याकडची वजनं आणा, त्यावर ठेवून बघा. मी गोळी देते ती कशाची, विचारा. जो खरा आहे तो तपासू देईल. जो तपासू देत नाही, उलट तपासणाऱ्यावर हात उगारतो, तो देवाचं नाव घेवो की विज्ञानाचं, त्याच्यासमोरून उठा आणि घरी जा."

मग बायकांनी खरोखरच वाण्याकडून वजनं आणवली. दवाखान्याचा काटा पायरीवर ठेवून तपासला. तो बरोबर निघाला, तेव्हा कुठे त्या चालायला लागल्या.