टेबलाखालची लसपेटी

मी एक जुनी लसपेटी आहे आणि सध्या मी भयंकर रागावलेली आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळव्या आवाजात सांगावी आणि शेवटी दोन टिपे गाळावीत, अशी तुमची सवय झाली आहे. आज ते माझ्याकडून व्हायचे नाही.

रंगाने मी निळी. झाकण पांढरे आणि खांद्याला अडकवायला काळा पट्टा. कारखान्यात माझ्या दुहेरी भिंतींच्या मधे फेस ओतला, तो फुगून घट्ट बसला, आणि त्या दिवसापासून बाहेर कितीही ऊन असले तरी माझ्या पोटातला गारवा हलत नाही. मला तपासणाऱ्या कामगार बाईंनी माझे झाकण तीनदा उघडून लावून पाहिले. आशीर्वाद वगैरे काही दिला नाही. त्यांना तासाला साठ पेट्या तपासायच्या होत्या.

तिथून मी आरोग्य केंद्रात आले. चार खोल्यांचे केंद्र. एका खोलीत डॉक्टर मॅडम, एकीत औषधांची खिडकी, एकीत बाळंतपणाचे टेबल, आणि शेवटच्या खोलीत लसींचा फ्रीज, मी आणि आमच्या नर्सबाई. सगळे त्यांना नुसते बाई म्हणतात. माझा पट्टा त्यांच्या डाव्या खांद्यावर बावीस वर्षे आहे. तो खांदा आता उजव्यापेक्षा बोटभर खाली आला आहे.

दर बुधवारी सकाळी बाई फ्रीजरमधून चार आइसपॅक काढतात. आइसपॅक म्हणजे पाणी भरून गोठवलेल्या चपट्या प्लास्टिकच्या बाटल्या. त्या दगडासारख्या कडक असताना माझ्यात ठेवल्या तर काही लसी गोठतात आणि कायमच्या निकामी होतात. म्हणून बाई त्या टेबलावर मांडतात, खुर्ची ओढून बसतात आणि मधूनमधून एकेक उचलून कानाशी हलवतात. आत पाण्याचा किंचित आवाज आला, की मग पॅक भरायचे. कधी अर्धा तास लागतो, कधी त्याहून जास्त.

बाहेरच्या बाकावरून तुम्हाला काय दिसते? "बघा, बाई कशा निवांत बसल्यात. कानाला डबा लावून खेळतायत." एका आजोबांनी तर तसा तक्रारअर्जच दिला, सुवाच्य अक्षरात, स्वतःच्या नातवाला माझ्यातली लस टोचून घेतल्यानंतर. पोटात चार पॅक बर्फ असूनही माझे डोके तापले.

बाईंबरोबर मी किती दारे पाहिली असतील. आतून टीव्हीचा आवाज येत असताना "घरात कुणी नाही" असे सांगणारी दारे. बाळाला ताप आला की रात्रीतून बाईंना फोन करणारी आणि ताप उतरला की ओळख न दाखवणारी. पाणी विचारणारी दारे मी बोटांवर मोजली असती, पण मला बोटे नाहीत. आणि कौतुक म्हणाल, तर तेही झाले एकदा. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. मोठ्या साहेबांचा हात माझ्या झाकणावर होता. बाईंचे फक्त कोपर आले होते.

एवढ्यानेही मी रागावले नसते. सवय झाली होती. मी रागावले त्या बुधवारी.

आमच्या केंद्राला नवा रंग आणि नवा पोर्च मिळाला होता. त्याची फीत कापायला पाहुणे येणार होते. त्याच दिवशी बाईंना खाणीवरच्या वस्तीत जायचे होते, फक्त एका बाळासाठी. बाळ नऊ महिन्यांचे झाले होते आणि शेजारच्या वस्तीत दोन मुलांना गोवर निघाला होता. बाई आधी दोनदा तिथे जाऊन आल्या होत्या. पहिल्यांदा आई कामावर होती. दुसऱ्यांदा आजीने दारातूनच परतवले. मग त्या आईने स्वतः निरोप पाठवला, "बुधवारी या. दोनला ट्रक येतो, आम्ही दुसऱ्या कामावर निघालो. दोनपर्यंत थांबते." ट्रक कुठे जाणार, तिथे दवाखाना आहे की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हते.

बाई पहाटेपासून बाळंतपणाच्या खोलीत होत्या. साडेअकराला मुलगी झाली. बाळंतिणीला टाके घालायला डॉक्टर मॅडम आत थांबल्या आणि बाई हात धुऊन माझ्या खोलीत आल्या. मी जागेवर नव्हते. फ्रीजरमध्ये एकही आइसपॅक नव्हता.

कारण सकाळीच केंद्राच्या कारकुनाने चारही पॅक माझ्यात घालून वर थंड पेयाच्या बाटल्या रचल्या होत्या. पाहुण्यांना गारच प्यायला लागते म्हणे. मग मला मंचावरच्या टेबलाखाली सारून पुढे झालर सोडली होती. बावीस वर्षे ज्या पोटातून मुलांचे जीव वाचवणाऱ्या लसी नेल्या, त्यात आता नारंगी रंगाच्या बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या. माझ्या तळाची आग मस्तकात गेली.

बाई खोल्याखोल्यांतून मला शोधू लागल्या. सफाई करणाऱ्या मावशींनी त्यांना व्हरांड्यात गाठले.

"बाई, पेटी इथं नाही मिळायची. पाहुण्यांच्या टेबलाखाली आहे. मी त्याला म्हटलं, लसीची आहे ती. तर मला म्हणतो, तू फरशी पूस."

कारकून मंडपाच्या तोंडाशी उभा होता. बाईंना पाहताच त्याने हात आडवा केला. "दहा मिनिटं, बाई. भाषण झालं की बाटल्या वाटतो आणि पेटी देतो तुमच्या हातात."

"दोनला ट्रक आहे."

"एका पोरासाठी एवढं काय? पुढच्या बुधवारी द्या."

"पुढच्या बुधवारी ते पोर कुठं असेल, तुम्हाला माहीत आहे का?"

कारकून माईक लावायला मंचाकडे वळला. पाहुणेच मुळी बाराला आले होते. साडेबाराला ते माईकपुढे उभे राहिले आणि त्यांनी जी साखरपेरणी सुरू केली, ती मी टेबलाखालून शब्दन् शब्द ऐकली. आरोग्य केंद्रातली माणसे म्हणजे चालतीबोलती माणुसकी. त्यांच्या सेवेपुढे आपण सर्वांनी वाकले पाहिजे. टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात माझ्यापुढची झालर वर झाली. त्या क्षणी मंचावर एकच माणूस वाकलेले होते, ते म्हणजे बाई.

बाईंनी मला बाहेर ओढले, झाकण काढले आणि एकेक बाटली पाहुण्यांसमोर टेबलावर ठेवली. अकरा बाटल्या होत्या. भाषण थांबले.

"हे काय चाललंय?" पाहुण्यांनी विचारले.

"पेटी नेतेय," बाई म्हणाल्या. "तुमचं चालू द्या."

त्यांनी तिथेच चारही पॅक कानाशी हलवून पाहिले. आत पाणी वाजत होते, पण बर्फ अजून होता. लोक हसले. मित्रांनो, तुमच्यातले बरेच जण तिथे होते. काहींनी मोबाइल वर धरले होते. कुणी उठून विचारले नाही, की बाई, कुठे निघालात, गाडीने सोडू का? मला सगळ्यात जास्त चीड त्याची आहे.

बाईंनी मला आतून स्वच्छ पुसले, फ्रीजमधून लसीची कुपी आणि ती कालवायचे पाणी घेतले, आणि आम्ही निघालो. नाक्यापर्यंत बस, पुढे खडीचा रस्ता. सकाळपासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. त्या जवळजवळ पळत होत्या आणि मी त्यांच्या कमरेवर आपटत होते. मला हलके होता आले असते, तर झाले असते.

ट्रकचे इंजिन चालू होते. बाळाची आई गाठोड्यांवर बसली होती. बाईंना पाहून ती ड्रायव्हरकडे वळली. "म्हटलं होतं ना येतील? तुम्ही म्हणत होता, कुणी येत नसतं."

बाई चाकावर पाय देऊन ट्रकमध्ये चढल्या. कुपी पाच मुलांना पुरते. उघडली की चार तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकायची. वस्तीत लस राहिलेले दुसरे मूल नव्हते. तरी बाईंनी कुपी फोडली, कारण एका बाळासाठीही ती फोडायची, असाच नियम आहे. बाळाने टाहो फोडला. टोचल्यावर अर्धा तास बाळावर लक्ष ठेवायचे असते आणि ड्रायव्हर थांबायला तयार नव्हता. तेव्हा बाई खाली उतरल्याच नाहीत. त्या गाठोड्यांवर बसून अर्धा तास ट्रकबरोबर गेल्या. बाळ आईच्या मांडीवर झोपले, तेव्हा हमरस्त्यावर उतरल्या आणि मला खांद्यावर घेऊन उलट्या दिशेने चालू लागल्या.

शनिवारी त्यांच्या हातात नोटीस पडली. तिच्यात दोन आरोप आहेत. एक, मान्यवरांचा अवमान. दोन, पाच मुलांची कुपी एका मुलासाठी वापरून लसीची नासाडी. ही नोटीस टाइप कुणी केली, ते तुम्ही ओळखले असेल. नियम त्यालाही पाठ आहे. आरोप ठरले तर बाईंची बदली होईल आणि त्यांच्या जागी दुसरे कुणी येणार नाही. औषधवाल्यांची जागा तीन वर्षे रिकामी आहे, तशीच हीसुद्धा राहील. मग बुधवारी माझे पॅक कानाशी कोण धरणार?

बाईंनी खुलासा लिहिला. दोनच ओळी. "पेटी लसीची आहे. कुपी त्या बाळाची होती." त्यांना आणखी लिहायला सांगितले, तर त्या म्हणाल्या, "वेळ नाही. बाहेर पेशंट आहेत."

मंचावरची ती फिल्म आता मोबाइलवर फिरते आहे. बाटल्या काढण्यापुरतीच. तिच्यात ट्रक नाही. खाली लोक हसऱ्या चेहऱ्याची चित्रे टाकतात. खरे काय झाले ते सांगायला आजवर एकट्या मावशी तयार आहेत, आणि त्यांची नोकरी रोजंदारीची आहे. "काढलं तर काढलं," त्या म्हणाल्या. "मी फरशी पुसते, डोळे नाही पुसून टाकलेत."

मित्रांनो, जुनी वस्तू शेवटी म्हणते, मला जपा. मला जपू नका. माझ्या झाकणाला तडा गेला तर दुसरी पेटी येईल. कारखान्यात तासाला साठ होतात. बाईंचे आभार मानणारी एक बाई होती, ती ट्रकमधून निघून गेली, कुठे ते कुणाला माहीत नाही. आता इथे उरला आहात तुम्ही, आणि तुमच्या नाहीतर तुमच्या मुलांच्या दंडावर बाईंच्या सुईची खूण आहे. चौकशी सोमवारी अकरा वाजता केंद्रातच आहे. या. बोलता येत नसेल, तर बाईंच्या शेजारी नुसते येऊन उभे राहा.