वरच्या शेतातला कोपरा

उना गिलरेनने घडीची खुर्ची उघडली, ओल्या गवतात तिचे पाय नीट रोवले आणि जेसीबीच्या दातांपासून हातभर अंतरावर ती बसली.

कोलमन डिव्हेनने इंजिन बंद केलं नाही. केबिनमधून उतरून तो कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभा राहिला. साठीला टेकलेला, आडव्या बांध्याचा शेतकरी. लहानपणी चार वर्षं तिच्याच हाताखाली शिकलेला.

"बाई, शाळेत तुम्ही मला उभं करायचात. आजही मीच उभा. काही बदललं नाही."

"काँक्रीट कधी येणार?"

"उद्या सकाळी. थंडी पडायच्या आत गायी गोठ्यात घ्यायच्यात."

"मग गोठा खाली बांध."

"खाली पाणी साठतं. तुम्हाला माहीत आहे."

तिला माहीत होतं. किलव्हारन पॅरिशमधलं, म्हणजे इथल्या चर्चच्या हद्दीतलं, प्रत्येक शेत, ते कुणी कसलं, कुठली मुलगी कुठल्या घरात दिली, कोण बोस्टनच्या बोटीवर चढलं नि परत आलं नाही, हे सगळं तिने चर्चच्या रजिस्टरांतून तीस वर्षं उतरवून काढलं होतं. आजोबांचा माग काढत परदेशातून येणारी माणसं आधी तिचं दार ठोठावायची.

तिने पिशवीतून जुन्या नकाशाची प्रत काढली. शेताच्या या कोपऱ्यात, काटेरी झाडाभोवती, ठिपक्यांचं एक कडं होतं आणि आत एकच शब्द: किलीन. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या पोरांना चर्चच्या आवारात जागा नव्हती. ती इथं पुरली जायची, वर खुणेला एक दगड.

कोलमनने नकाशाकडे बघितलंही नाही.

"ठिपके आहेत ते, बाई. आणि हे दगड नांगराला लागतात म्हणून कुणीतरी कडेला टाकलेत. तुमच्या वह्यांत एवढी नावं आहेत ना? इथलं एक सांगा. फक्त एक. मी आत्ता यंत्र घरी नेतो."

उनाने वही पिशवीतच राहू दिली. बाप्तिस्मा नाही म्हणून ती पोरं रजिस्टरात नव्हती; रजिस्टरात नाहीत म्हणून तिच्या वह्यांत नव्हती.

"बघा," कोलमन म्हणाला. आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता, थकवा होता. "उठा आता. नाहीतर खुर्चीसकट उचलून बाजूला ठेवावं लागेल."

"ठेव."

तो मानेला झटका देऊन वर चढला. यंत्राचा पंजा थरथरला, वीतभर वर उचलला गेला. उनाने खुर्चीचे हात घट्ट धरले.

पंजा तिथेच थांबला. कोलमन तिच्या डोक्यावरून मागे बघत होता. घराकडून त्याची आई येत होती. पंच्याऐंशीची डेलिया, पायांत घरातल्याच सपाता, हातात काठीसुद्धा नाही. तो उडी मारून खाली आला.

"आई, पडशील! घरात चल."

"आधी ते बंद कर. मला ओरडून बोलायला लावू नकोस."

त्याने इंजिन बंद केलं. भिंतीपलीकडे गायी गवत ओढत होत्या, तो आवाज ऐकू येऊ लागला.

डेलियाने मुलाकडे बघितलं नाही. डॉक्टरला सांगावं तशी ती उनाशी बोलली.

"वही आणलीयस?"

"आणलीय."

"लिही मग. फेब्रुवारी, एकोणीसशे एक्कावन्न. मुलगा. रडलाच नाही. फादर म्हणाले, याला माझ्याकडे आणू नका. मार्टिनने साबणाचं खोकं घेतलं आणि उजाडायच्या आत इथं आला. मला उठू दिलं नाही. मी खिडकीतून बघितलं."

कोलमनचा चेहरा उतरला. मार्टिन त्याचे वडील.

"मला कधी बोलली नाहीस."

"तुझ्या बापाशीही त्याबद्दल नाही बोलले पुन्हा."

उनाने वही मांडीवर उघडली. डिव्हेन घराण्याचं पान. मार्टिन आणि डेलियाच्या खाली पाच मुलं. सगळ्यांत वर कोलमन, एकोणीसशे त्रेपन्न. त्याच्या वर अगदी थोडी जागा होती.

"कुठं?" कोलमनने विचारलं.

डेलियाने सपातेच्या टोकाने दाखवलं. पावाएवढा पांढरट दगड, अर्धा गवतात. "गायी आणायला रोज मीच यायचे. तुम्हा पोरांना वाटायचं, आईला चालायला आवडतं."

उनाने पेन उघडलं.

"डेलिया, नाव ठेवलं होतं का?"

"फादरनी नाही. आम्ही ठेवलं होतं, पोर जन्मायच्या आधीच."

म्हातारीने ओठ ओले केले.

"कोलमन."

"काय, आई?" तो तिचा हात धरायला पुढे झाला.

ती दगडाकडेच बघत राहिली.

"तुला नाही हाक मारली," ती म्हणाली.